कॅरिबसी ‘फिजी पिंक’ वाळू: गोबी ठेवायचा असेल तर

खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी वाळू घेताना बहुतेकजण रंग बघतात, आणि कॅरिबसी कंपनीची ‘फिजी पिंक’ खपते तीही त्या फिकट गुलाबी छटेमुळेच. टँकमध्ये वाळू चाळणारा गोबी मासा सोडायचा असेल तर मात्र रंग बाजूला ठेवा आणि पिशवीवरचा दाण्याचा आकार वाचा. हे परीक्षण त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

डायमंड गोबी (व्हॅलेन्सिएनिया प्युएलारिस), गोल्डन हेड (व्हॅलेन्सिएनिया स्ट्रिगाटा) आणि ब्लू डॉट (व्हॅलेन्सिएनिया सेक्सगुटाटा) हे तिघे आपल्याकडच्या दुकानांत ‘सँड सिफ्टर’ म्हणून विकले जातात. दिवसभर यांचा उद्योग एकच. तोंडभर वाळू उचलायची, गालात घोळवायची, तिच्यातले कोळंबीच्या जातकुळीतले बारीक जीव, म्हणजे कोपेपॉड नि ॲम्फिपॉड, बारीक कृमी आतल्या आत अडवून गिळायचे आणि रिकामी वाळू दोन्ही कल्ल्यांतून खाली सोडायची. म्हणजे प्रत्येक दाणा तोंडातून आत जाऊन नाजूक कल्ल्यांवरून बाहेर पडतो. दाणा जाड किंवा धारदार असला की आधी मासा चाळणं कमी करतो, मग बारीक होत जातो. मालकाला वाटतं, मासा आळशी निघाला.

‘फिजी पिंक’चा दाणा ०.५ ते १.५ मिलिमीटर, साधारण जाड रव्याएवढा. आठ-दहा सेंटिमीटरच्या गोबीला हा दाणा आरामात पेलतो आणि साध्या पॉवरहेडच्या (टँकमधलं पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) प्रवाहात जागचा उडतही नाही. याच कंपनीची ‘बहामास ऊलाइट’ ०.२५ ते ०.७५ मिलिमीटरची आहे. चाळायला ती याहून सोपी; माशाचंच मत घ्यायचं तर तो तीच निवडेल. पण जरा जोराचा प्रवाह लागला की ती एका कोपऱ्यात ढीग लावते आणि दुसऱ्या कोपऱ्यात काच उघडी पाडते. त्यात गोबी ती उपसणार, म्हणजे धुरळा रोजचाच. पॉवरहेड सौम्य असेल आणि टँकमध्ये प्रवाळ नसून नुसते मासे असतील तरच ऊलाइट घ्या. ‘स्पेशल ग्रेड’ १ ते २ मिलिमीटरची. मोठा डायमंड गोबी तीही चाळतो, पण दुकानात मिळतात ती पाच-सहा सेंटिमीटरची पिल्लं तिच्यात कष्टी होतात. ज्यांचा प्रवाह खूप जोरदार आहे त्यांनी तडजोड म्हणून ती घ्यावी, एवढंच.

‘ओशन डायरेक्ट’ची ओरिजिनल ग्रेड या कामाला घेऊ नका. तिच्यात पाव मिलिमीटरपासून साडेसहा मिलिमीटरपर्यंत सगळंच मिसळलेलं असतं. जॉफिश हा बिळात राहणारा मासा ठेवायचा असेल तर तीच वाळू उत्तम, कारण त्याला बिळाच्या भिंती बांधायला बारीक-मोठं दोन्ही लागतं. गोबीला नाही.

राहिला किलोवर मिळणारा प्रवाळाचा चुरा. एक तर तो तीन-चार मिलिमीटरच्या खाली क्वचितच असतो आणि कडा तुटक्या असतात. त्याच्या फटींत उरलेलं खाणं आणि विष्ठा जाऊन बसते, गोबी ती उपसू शकत नाही, आणि नायट्रेट चढत जातं. शिवाय दगडी प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे; ‘आपल्याच समुद्रातला आहे’ असं दुकानदार अभिमानाने सांगत असेल तर तिथून निघालेलं बरं. कोकणातल्या किनाऱ्यावरून वाळू भरून आणायचा विचारही नको. आपली किनारपट्टी बेसॉल्टची, वाळूत लोहयुक्त काळे कण मिसळलेले (रत्नागिरीकडे तर इल्मेनाइट भरपूर), आणि बंदराजवळ तेल नि सांडपाणी किती मुरलंय ते डोळ्यांना दिसत नाही.

आता पिशवीवरच्या ‘लाइव्ह’ या शब्दाबद्दल. पिशवी ओली असते आणि तिच्यात जिवाणू असतात, हे खरं. पण गोबी जिवाणू खात नाही. त्याला लागणारे कोपेपॉड, ॲम्फिपॉड आणि कृमी या बंद पिशवीत नसतात. नवीन टँक, नवीन ‘लाइव्ह’ वाळू आणि पहिल्याच महिन्यात गोबी, हे समीकरण जवळपास नेहमी उपासमारीत संपतं. वाळू पांढरीशुभ्र, मासा दिवसभर राबतोय, आणि तरी तोंडात प्रत्येक वेळी रिकामी वाळू. पिशवी वापरली म्हणून सायकलिंग (विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू टँकमध्ये रुजण्याचा काळ) टळतं असंही नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले टेस्ट किटवर दिसेपर्यंत मासा आणू नये, आणि गोबीच्या बाबतीत त्यानंतरही चार-सहा महिने थांबावं.

दुसरा हिशेब वजनाचा. पिशवी २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९ किलो, पण त्या वजनात पाणीही आलं. ९० बाय ४५ सेंटिमीटर तळाच्या टँकमध्ये ५ सेंटिमीटर थर द्यायचा तर साधारण २० लिटर वाळू लागते. तीन पिशव्यांत चार-साडेचार सेंटिमीटर भरते. दगडांनी तळाची बरीच जागा खाल्ली असेल तर तेवढ्यात भागतं. गोबीला ५ सेंटिमीटर पुरेसे. त्याच टँकमध्ये वाळूत झोपणारा हॅलिकोएरेस रास मासा असेल तर ७ धरा. त्याहून खोल थराच्या भानगडीत पडू नका. खालच्या थरात प्राणवायू उरत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठू शकतो, आणि उपसणारा मासा वरून कुठवर खणेल याचा नेम नाही.

‘फिजी पिंक’ अॅरागोनाइटची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाची असते. पैसे वाचवायचे असतील तर त्याच आकाराची कोरडी अॅरागोनाइट वाळू घ्या. किलोमागे वाळू जास्त मिळते. ती बादलीत पाणी नितळ होईपर्यंत धुवा आणि जुन्या, निरोगी टँकमधली दोन-तीन वाट्या वाळू वर पसरा. जिवाणूही येतात आणि सोबत कोपेपॉडही. खरी ‘लाइव्ह’ वाळू म्हणायची तर हीच. अट एकच: त्या टँकमध्ये गेल्या काही महिन्यांत पांढरे ठिपके किंवा मखमली रोग आलेला नसावा.

अॅरागोनाइटमुळे पीएच सांभाळला जातो, हा दावाही जपून घ्यावा. पाण्याचा पीएच आठच्या वर असताना अॅरागोनाइट फारसं विरघळतच नाही. अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरण्याची पाण्याची क्षमता) वाळूवर सोडू नका, वेगळी मोजा.

वाळू घालण्याचा क्रम चुकला तर मात्र टँकच जातो. दगड आधी, थेट तळाच्या काचेवर किंवा पीव्हीसीच्या तुकड्यांवर टेकवून. वाळू नंतर, त्यांच्या भोवतीने. उलट केलं तर गोबी दगडाखालून बीळ काढतो, कारण त्याला झोपायला दगडाखालचीच जागा लागते, आणि एका रात्रीत दहा किलोचा दगड पुढच्या काचेवर कलंडतो. दगड हाताने हलवून बघा. हलला तर तो गोबीसाठी तयार नाही.

रिकाम्या टँकमध्ये वाळू भरताना थोडं पाणी आधी भरा, पिशवी पाण्याखाली नेऊन कोपरा कापा आणि हळूहळू रिती करा. उंचावरून ओतली की धुरळा दोन दिवस खाली बसत नाही. पिशवीसोबत पाणी नितळ करणारी छोटी पुडी येते. ती वाळू घालून झाल्यावर टाका, पंप सुरू करा आणि फिल्टर सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) दुसऱ्या दिवशी बदला. ‘फिजी पिंक’ ऊलाइटपेक्षा लवकर निवळते. चालू टँकमध्ये भर घालायची असेल तर रिटर्न पंप आणि पॉवरहेड बंद करा, दोन इंची पीव्हीसी पाइप तळापर्यंत टेकवा आणि वरून मगाने वाळू सोडा. जुन्या वाळूवर एकदम नवीन थर दाबू नका. आधी एक तृतीयांश जुनी वाळू सायफनने साफ करा, आठवड्याने पुढचा तेवढाच भाग.

‘वाळू स्वच्छ ठेवणारा मासा’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे. गोबी वाळू पांढरी ठेवतो, कारण तो वरचा थर सतत उलटापालटा करतो आणि डायटम नावाच्या तपकिरी शेवाळाला बस्तान बसवू देत नाही. घाण मात्र तो कमी करत नाही, पाण्यात उडवतो. म्हणून फिल्टर सॉक किंवा फ्लॉस दर तीन-चार दिवसांनी बदलायची तयारी असेल तरच याच्या नादी लागा. गोल्डन हेडला तर तोंडभर वाळू घेऊन वर येऊन सोडायची सवय असते. खाली प्रवाळ असेल तर त्याच्यावर रोज पाऊस. डायमंड गोबी त्यामानाने तळाशीच राहतो.

एका चाळणाऱ्या गोबीला दोनशे लिटरच्या खालचा टँक पुरत नाही, आणि तेवढ्यातही नुसत्या वाळूवर त्याचं पोट भरत नाही. रोज दोन-तीनदा खाऊ घाला: वितळवून गाळलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), पोषक द्रव्यं मुरवलेले ब्राइन श्रिंप, तळाशी बसणारे बारीक पेलेट. वरून टाकलं तर टँग आणि डॅमसेल हे मासे फस्त करतात. काचेची लांब नळी किंवा बास्टर (रबरी फुग्याची पिचकारी) घ्या, पंप दहा मिनिटं बंद करा आणि खाणं माशाच्या पुढ्यात वाळूवर सोडा. पोट आत गेलेलं आणि डोक्यामागची पाठ सुरीच्या पात्यासारखी दिसत असेल तर उशीर होत चाललाय. दुकानात मासा घेतानाही हेच बघा, आणि दुकानदाराला समोर खाऊ घालून दाखवायला सांगा. नकार दिला तर मासा तिथेच राहू दे. त्याच टँकमध्ये वाळू चाळणारा तारामासा ठेवू नये. तो त्याच अन्नावर जगतो आणि काही महिन्यांत वाळू निर्जीव करून स्वतःही उपाशी मरतो. नासारिअस गोगलगायी चालतील, त्या उरलंसुरलं खातात.

झाकणाशिवाय गोबी ठेवू नका. दिवा एकदम बंद झाला की हा मासा उडी मारतो, आणि ज्या फटीतून हीटरची वायर जाते तीही त्याला पुरते. सहा मिलिमीटरची जाळी सगळ्यात बरी: पाणी बाष्पीभवनाने गारही राहतं. मुंबईच्या मे महिन्यात नुसत्या पंख्यावर टँक २६ अंशांवर राहील ही अपेक्षा ठेवू नका, चिलर लागेलच. पंखा लावला की पाणी उडून खारेपणा वाढतो आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या वर सरकतं. आरओ-डीआयचं (क्षार काढलेलं) पाणी आपोआप घालणारं यंत्र, म्हणजे एटीओ, जोडून ठेवा.

क्वारंटाइनमध्ये (नवा मासा आधी वेगळा ठेवतात त्या टँकमध्ये) वाळू द्यायची की नाही, हा नेहमीचा घोळ. रिकाम्या तळाच्या टँकमध्ये गोबी बावरतो आणि खात नाही. पण अॅरागोनाइट तांबं शोषून घेतं, त्यामुळे कॉपरचा (तांब्याच्या औषधाचा) उपचार चालू असताना ‘फिजी पिंक’ची वाटी तिथे ठेवली की मात्रा खाली येत राहते आणि रोग बरा होत नाही. तिथे धुतलेली बारीक सिलिका वाळू काचेच्या पसरट भांड्यात ठेवा आणि सोबत लपायला पीव्हीसीचा कोपर. ते भांडं नंतर मुख्य टँकमध्ये नेऊ नका.

गुण द्यायचे तर दाण्यासाठी पाचपैकी साडेचार, ‘लाइव्ह’साठी दोन, वजनासाठी तीन. कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला घ्यायला गेलात तर पिशवी दोन्ही हातांनी दाबून बघा. आत पाणी हललं पाहिजे. शिवणीजवळ मिठाचे पांढरे डाग असतील तर ती कुठेतरी गळतेय. घरी आल्यावर कोपरा कापून आधी वास घ्या: समुद्राचा किंवा ओल्या मातीचा वास ठीक. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती बादलीत दोन-तीनदा खाऱ्या पाण्याने धुवा, कोरडी वाळू समजूनच वापरा आणि सायकलिंग पहिल्यापासून मोजा.