छोटी गाडी, दोन लेन्स: फिशआय की लेन्सबेबी?

भुईकोट किल्ल्याजवळ नवी छोटी गाडी उभी केली, तर फिशआय (खूप रुंद दृश्य घेणारी, कडेच्या रेषा वाकवणारी लेन्स) बुरुजासकट सगळं चौकटीत घेते. बंपरपासून हातभर अंतर, छिद्र (अॅपर्चर) एफ/8; आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि धारदार भाग कमी. क्षितिज मध्यावरच ठेवा, नाहीतर तट कमानीसारखा वाकतो. सकाळचं तिरकं ऊन पाठीशी असेल, तर स्वतःची सावलीही हमखास येते.

गाडीच्या तपशिलांसाठी मात्र लेन्सबेबी कंपनीची स्वीट 35 ही झुकवता येणारी लेन्स जास्त आनंद देते. हेडलाइटकडे झुकवली की तेवढाच दिवा धारदार, बाकी गाडी विरघळते. एफ/2.5 ला धारदार भाग फारच लहान. एफ/4 पासून सुरुवात करा. आधी झुकवा, मग हाताने फोकस करा. उलट केलं तर फोकस निसटतो. शटर दबत नसेल, तर मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करा, कारण कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखता येत नाही.