जपानची प्राडो आणि हेसेई 28

यावल-रावेरकडे केळीला भाव चांगला मिळाला की गावोगाव नव्या गाड्या दिसायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग दलालही. जळगावात मी आणि माझा मेहुणा जुन्या गाड्यांचा धंदा करतो. स्विफ्ट, बोलेरो, फार तर इनोव्हा. 2023 मध्ये मुंबईचा एक 'इम्पोर्टर' आमच्याकडे आला. "भाऊ, जपानच्या लिलावातून प्राडो, म्हणजे टोयोटाची मोठी एसयूव्ही, आणून देतो. सगळा खर्च धरून 24 लाख. तुम्ही पुढाऱ्यांना 40 ला विका." बयाणा सहा लाख.

लिलावाबद्दल तो जे सांगत होता ते बहुतेक खरं होतं, आणि खरी मेख तिथेच आहे. यूएसएससारख्या जपानी लिलावात बाहेरच्याला थेट बोली लावता येत नाही, सभासद असलेल्या निर्यातदारामार्फतच गाडी घ्यावी लागते. प्रत्येक गाडीची तपासणी होऊन एक कागद भरला जातो, त्याला ऑक्शन शीट म्हणतात. त्यावर 4, 4.5 असा दर्जा असतो, अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाडीला 'आर'. चित्रावर ओरखड्याच्या जागी 'ए', पोचा असेल तिथे 'यू'. असा 4.5 दर्जाचा कागद त्याने व्हॉट्सॲपवर पाठवला. कागद अस्सल होता. पण गाडी केव्हाच दुसऱ्या कुणाला विकली गेली होती. चॅसी नंबरवरून लिलावाची जुनी नोंद पैसे भरून मिळते, ती काढल्यावर हे कळलं.

त्याच्या कोटेशनमध्ये '2021 मॉडेल' होतं. शीटवर वर्षाच्या चौकटीत 'एच 28'. जपानी लोक वर्ष सम्राटाच्या काळावरून लिहितात. हेसेई 28 म्हणजे 2016. आणि आपल्याकडे तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयातच करता येत नाही. स्टिअरिंग उजवीकडे हवं, आणि अशी गाडी फक्त मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते. जपानमध्ये नव्या गाडीची पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी येते, त्या सुमाराला बरेच जण गाडी विकून टाकतात. म्हणजे लिलावातला पुष्कळसा माल आपल्यासाठी बादच. तो केनिया, न्यूझीलंडकडे जातो.

आता हिशोब. त्या वर्षी वापरलेल्या गाडीवर मूळ सीमाशुल्क 125 टक्के होतं. गाडी विमा-भाड्यासह 20 लाखांची धरा. शुल्क 25 लाख, झाले 45. त्यावर 28 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), म्हणजे 57 लाखांच्या वर, आणि सेस अजून बाकीच. 24 लाखांत प्राडो देणारा एकतर स्वतः बुडणार होता नाहीतर आम्हाला बुडवणार होता. (पुढच्या काळात शुल्काची रचना बदलली, पण अशी गाडी अजूनही स्वस्तात पडत नाही.)

बयाणा आम्ही एका माणसाच्या बचत खात्यात भरला होता. खरी आयात असेल तर आयातदाराकडे आयईसी, म्हणजे सरकारने दिलेला आयात-निर्यातीचा नंबर, असतो आणि पैसे बँकेमार्फत थेट परदेशी विक्रेत्याला जातात. आयईसी मागितला तर म्हणाला, "ते सगळं आमचे सीए बघतात."

मग फोन आला, गाडी मुंद्राला उतरलीय, ड्युटीचे चार लाख तातडीने भरा, डिमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा दंड) रोज चढतंय. मुंद्रा गुजरातेत! मेहुण्याने अहिराणीत विचारलं, "गाडी कोठे शे, बिल ऑफ लॅडिंगचा नंबर दे." बिल ऑफ लॅडिंग म्हणजे माल चढवल्याची जहाज कंपनीची पावती; कंपनीच्या साइटवर तो नंबर टाकून कंटेनर शोधता येतो. नंबर आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही ब्लॉक.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन केला, पण बयाणा देऊन बरेच दिवस झाले होते. खात्यात गोठवण्यासारखं फार उरलं नव्हतं. पैसे गेल्यागेल्या पहिल्या काही तासांत हा फोन झाला तरच त्याचा खरा उपयोग.

पोलीस ठाण्यात आधी ऐकावं लागलं की माल आला नाही हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. तेव्हा आयातीच्या नियमाची प्रत, ऑक्शन शीट, त्याचं कोटेशन आणि जुन्या विक्रीची नोंद असं एकत्र जोडून अर्ज नव्याने लिहिला. 'गाडी आली नाही' असं न लिहिता 'ही गाडी कायद्याने येऊच शकत नव्हती आणि पैसे घेतानाच याला ते ठाऊक होतं' असं लिहिलं. त्यानंतर फसवणुकीचं 420 कलम लागलं.