'नवशिक्यांसाठी चांदीचा संच' घेण्याआधी हे वाचा

घरी टॉर्च लावून दागिने जोडायला शिकणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. मला ज्याने फसवलं तो साहित्य विकतो आणि ऑनलाइन वर्गही घेतो. माल त्याचा, शिकवणारा तोच, आणि काम बिघडलं की चूक कुणाची हे ठरवणाराही तोच. म्हणूनच ही फसवणूक इतके दिवस खपली.

संचात '925 स्टर्लिंग', म्हणजे 92.5 टक्के चांदी, म्हणून पत्रा आणि तार होती, सोल्डरची, म्हणजे वितळवून सांधा जोडायच्या धातूची, 'चांदीचं सोल्डर, शिसेविरहित' अशी चिठ्ठी लावलेली एक रीळ होती, शिवाय सांध्यावर लावायचा टाकणखार, ब्युटेनचा छोटा टॉर्च, भट्टीची वीट आणि चिमटे. पत्र्यावर 925 चा ठसा होता. पहिल्याच वर्गात त्याने पत्र्याला लोहचुंबक लावून दाखवलं. चिकटत नाही, म्हणजे चांदी! पण चुंबक तांब्याला चिकटत नाही, पितळेला नाही आणि चांदीसारख्या दिसणाऱ्या जर्मन सिल्व्हरलाही नाही. या परीक्षेत लोखंडासारखे मोजके धातूच सापडतात. नवख्या माणसाला मात्र ती डोळ्यांदेखत दिलेली खात्री वाटते.

अंगठीचा सांधा जोडला की दिसायला ठीक दिसायचा, पण बोटांनी जरा ताण दिला की उघडायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं: "अजून तुमचा हात बसलेला नाही." वर्गातल्या सगळ्यांना हेच उत्तर मिळत होतं आणि सगळ्यांना ते पटत होतं. शिकणारा माणूस आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, समोरच्या धातूवर संशय घेत नाही. अशा विक्रेत्यांचा सगळा धंदा यावरच चालतो. त्यानंतर 'पुढच्या पातळीचा' महागडा वर्ग पुढे केला जातो.

खरं तर टाकणखारच सगळं सांगत होता. तापवल्यावर तो आधी लाहीसारखा पांढरा फुगतो, मग खाली बसतो आणि 740 अंश सेल्सिअसच्या पुढेमागे वितळून पारदर्शक होतो. चांदी, तांबं आणि जस्त यांचं खरं सोल्डर ढोबळमानाने 700 ते 780 अंशांच्या दरम्यान वाहतं. 'ईझी' प्रकारचं लवकर, 'हार्ड' प्रकारचं उशिरा. म्हणजे सोल्डर पळतं तेव्हा टाकणखार बसून चकाकायला लागलेला हवा, आणि खोलीत उजेड कमी असेल तर पत्र्यावर मंद लाली दिसायला हवी. माझ्या रिळातलं सोल्डर टाकणखार अजून फुगत असतानाच गोळी होऊन इकडेतिकडे धावायचं. लालीचा पत्ताच नाही. कथील-शिशाचं सोल्डर 183 अंशांपासूनच वितळू लागतं. कथलात थोडीशी चांदी मिसळलेलं बिनशिशाचंही 221 अंशांच्या आसपास. इलेक्ट्रिक सोल्डरिंग आयर्नने काचेच्या पेंडंटची कड बांधायला असलं मऊ सोल्डर वापरतात आणि तिथे ते योग्यच आहे. पण चांदीच्या अंगठीसाठी म्हणून ते विकणं ही सरळ फसवणूक आहे.

पत्र्याचंही तेच. टॉर्चखाली काळा पडलेला तुकडा आम्लाच्या पाण्यातून काढला की त्यावर पिवळट-गुलाबी डाग दिसायचे. त्याचं म्हणणं, "जास्त तापवलंत. स्टर्लिंगला असा फायरस्टेन येतोच." स्टर्लिंगला डाग येतो हे खरं, कारण त्यात 7.5 टक्के दुसरा धातू, बहुधा तांबं, असतो. पण तो डाग करडा-जांभळट असतो आणि पॉलिश करताना जाणवतो. पिवळा कधीच नसतो. खोटं खपावं म्हणून त्यात खऱ्याचा एवढा एक कण मिसळलेला होता, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते.

शेवटी चांदीकाम करणाऱ्या एका जुन्या कारागिराला तुकडा दाखवला. त्यांनी बारीक कानस घेतली, पत्र्याच्या कडेवर चार हात मारले आणि कड माझ्यापुढे धरली. आत स्वच्छ पिवळं. "ताई, हे पितळ आहे. वर नुसता मुलामा." असा पातळ मुलामा टॉर्चच्या आचेवर खालच्या धातूत मुरून जातो, म्हणून तापवल्यावर डाग पडत होते. पत्रा घेतलात तर काम सुरू करण्याआधी कड घासून बघा, याला काहीच लागत नाही.

तार मात्र कानशीलाही फसवून गेली, कारण ती आतपर्यंत पांढरी होती. तिच्यासाठी पाण्याची परीक्षा करावी लागली. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. पाण्याचा पेला त्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. तुकडा आधी कोरडा तोलून घ्या, मग दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, अंगाला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. दहा ग्रॅम स्टर्लिंग बुडवलं तर काटा जवळपास 0.97 दाखवतो. माझी तेवढ्याच वजनाची तार 1.15 च्या आसपास जात होती. हे जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदी नावालाही नाही. निकेलची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या कानात त्याचं डूल गेलं तर कान सुजून येतो.

सोल्डरचा तुकडा कस तपासणाऱ्या ठिकाणी यंत्राखाली धरला, तर कथील आणि शिसं निघालं. चिठ्ठीवर 'शिसेविरहित' लिहिलेलं असताना! तोवर मी बहिणीच्या लेकीला एक पेंडंट करून दिलं होतं, आणि ती पोर हाताला लागेल ते तोंडात घालते. ते त्याच दिवशी परत आणलं. रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पैसे गेल्याचं दुःख मला आता उरलेलं नाही, पण या चिठ्ठीबद्दल त्याला माफी नाही.

याहून घातक गोष्ट माझ्या संचात नव्हती, पण दुसऱ्या कुणाच्या असू शकते. जुन्या काही चांदीच्या सोल्डरमध्ये कॅडमियम असतं. ते 767 अंशांना उकळतं, म्हणजे ज्या आचेवर आपण सांधा जोडतो त्याच आचेवर त्याचा धूर नाकात जाऊ शकतो. त्रास काही तासांनी सुरू होतो, आधी साध्या तापासारखा वाटतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे बिनचिठ्ठीची, 'जुना स्टॉक' म्हणून स्वस्तात मिळणारी रीळ पेटवूच नका. सोल्डर घेताना त्यातले धातू टक्क्यांत, वाहण्याचं तापमान, आणि शिसं-कॅडमियम नसल्याचं लेखी मागा. प्रामाणिक विक्रेत्याकडे हा कागद तयार असतो. माझ्या विक्रेत्याने या प्रश्नाला "तुम्ही आधी शिकण्यावर लक्ष द्या" असं उत्तर दिलं होतं.

पुरावे पाठवल्यावर त्याने मला ग्रुपमधून काढलं. मग निरोप आला की संचाचे पैसे परत देतो, पण इतरांना काही सांगायचं नाही. मी नकार दिला. वर्गातल्या ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्यांना तपासणीचा निकाल पाठवला आणि ग्राहक तक्रारही केली आहे.

तुमच्याकडे असा संच आधीच आला असेल, तर त्या सोल्डरचा ठिपका लागलेला तुकडा खऱ्या चांदीसोबत तापवू नका. लाल आचेवर कथील आणि शिसं चांदीला खात जातात आणि भोकं पडतात. ज्या कानशीने ते सोल्डर घासलं ती वेगळी ठेवा, तिच्या दातांत अडकलेला कीस पुढच्या कामात उतरतो. टेबल कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.