‘दोन दिवसांत ड्रोनचं लायसन्स’ देणाऱ्यांपासून सांभाळा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, रायबागकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मराठी जाहिरात फिरते आहे. दोन दिवसांचं ट्रेनिंग, ‘सरकारी लायसन्स’, ऊस फवारणीचा ड्रोन आणि वर सबसिडी. माझ्या धाकट्या भावाचे यात ६३ हजार गेले. १८ हजार ट्रेनिंगचे, ४५ हजार ड्रोनच्या बुकिंगचे. आसपासच्या गावांतली आणखी पोरं आहेत, पण घरी कळेल म्हणून ती गप्प आहेत. म्हणून मी लिहितोय.

माणसं बोलायला गोड. “अण्णा, आपण मराठी माणसं, आपल्यात कसली फसवाफसवी? कर्नाटकातलं सबसिडीचं आम्ही बघतो की.” ऑफिस बेळगावच्या टिळकवाडीत भाड्याच्या गाळ्यात, पावतीवर पत्ता मात्र कोल्हापूरचा. त्याचं कारण नंतर कळलं. बेळगावात तक्रार केली की कोल्हापूरला जा म्हणतात, कोल्हापुरात गेलं की बेळगावला. दोन्हीकडच्या कचेऱ्यांचे हेलपाटे आपल्याला नवे नाहीत, पण आता चोरही त्यावर धंदा करायला लागलेत.

ट्रेनिंग म्हणजे पहिल्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ आणि दुसऱ्या दिवशी मुतग्याच्या शिवारात उडवून बघणं. मुतगे म्हणजे सांबरा विमानतळाला लागून, आणि तिथंच हवाई दलाचं ठाणं. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन वर न्यायचाच नसतो. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत आणि त्यापलीकडच्या हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटवर हा नकाशा कुणालाही बघता येतो. विमानं उतरतात त्या बाजूला जो पोरांच्या हातात रिमोट देतो, त्याला शिकवण्याची मान्यता कोण देईल?

मग सर्टिफिकेट. लॅमिनेशन केलेलं, वर अशोकस्तंभ, खाली ‘सर्व ड्रोनसाठी आजन्म वैध’. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे रिमोट पायलट सर्टिफिकेट १० वर्षांचं असतं, आणि ज्या वर्गाच्या ड्रोनवर शिकला त्याच वर्गापुरतं. १० लिटर टाकीचा फवारणीचा ड्रोन साधारणपणे २ ते २५ किलोंच्या ‘स्मॉल’ वर्गात येतो, त्याला हे सर्टिफिकेट लागतंच. वय किमान १८ आणि दहावी पास ही अट आहे. या लोकांनी नववी नापास पोरालाही कागद दिला! मान्यताप्राप्त ट्रेनिंग संस्थांची यादी पत्त्यासकट डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, वेबसाइटवर असते. ती उघडून बघायला पाच मिनिटं पुरतात.

दुकानात दाखवलेल्या ड्रोनवर नोंदणी क्रमांकाचा स्टिकर होता, त्यावर भाऊ भुलला. हा क्रमांक, म्हणजे यूआयएन, त्या एकाच ड्रोनच्या सिरियल नंबरशी, त्याच्या फ्लाइट कंट्रोलरशी आणि रिमोटशी जोडलेला असतो. स्टिकर काय, कुठलाही चिकटवता येतो. आणि ‘बाहेरून डायरेक्ट मागवलेला माल’ असं कुणी म्हणालं तर तिथूनच मागं फिरा. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. त्यातून संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा कामांना सूट आहे, दुकानदाराला नाही.

सगळ्यात चीड आली ती सबसिडीच्या कागदाची. ‘मंजुरीपत्र’ म्हणून भावाला कन्नडमधला शिक्क्याचा कागद दिला होता. आम्ही मराठी शाळेत शिकलेलो. बाजारात बोलण्यापुरतं कन्नड येतं, कचेरीचं कन्नड वाचताना अडतं. कागद तसाच कपाटात पडला. शेवटी माझ्या मुलीनं वाचला. “काका, यात सबसिडीचं काहीच नाही. नोंदणी फी मिळाली, ती परत मिळणार नाही, एवढंच आहे.”

खरी योजना आहे. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत वैयक्तिक शेतकऱ्याला ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख रुपये. लहान व अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, ५ लाखांपर्यंत. पण अर्ज कृषी खात्यामार्फत जातो. सध्या अर्ज घेतात का, पैसा शिल्लक आहे का, हे आपल्या होबळीच्या (तालुक्यातल्या महसुली विभागाच्या) रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या ऑफिसात, विचारा. कुणाच्या खासगी फोनपेवर ‘प्रोसेसिंग फी’ टाकून सबसिडी येत नाही.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. रक्कम खात्यांतून काढली जाईपर्यंतच गोठवता येते. भाऊ ‘ड्रोन येईल’ म्हणत थांबला, तोवर खातं रिकामं झालं होतं. पोलीस हद्दीचं कारण सांगू लागले तर झिरो एफआयआर मागा, तो कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. आमची तक्रार सीईएन (सायबर गुन्ह्यांच्या) ठाण्यात आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली. गाळ्याला कुलूप आहे, नंबर बंद आहे. तीच जाहिरात, तेच फोटो, पण वेगळा मोबाईल नंबर, परवा अथणीकडच्या ग्रुपवर आली आहे.