वंशावळीचं ॲप, आठ महिने वापरून: दोन सखाराम आणि एक ‘होय’

मागच्या सोमवारी पुतणीची जात पडताळणीची फाइल घेऊन गेलो. टेबलावरच्या बाईंनी ॲपमधून छापलेली वंशावळ बघून विचारलं, “1943 ला वारलेला माणूस 1962 ला वारस कसा?” म्हणून हे लिहितोय. वर्षाचे 1,499 मोजलेत.

फीचर सगळ्यांना माहीत आहेत. माझं भांडण एकाच बटणाशी आहे: ‘ही एकच व्यक्ती आहे का?’ आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत या ॲपच्या गावीही नाही. आमच्या भावकीत सखाराम धोंडी दोन, धोंडी सखाराम तीन. (नावं बदललीत, भाऊबंदकी आधीच पुरेशी आहे.) चुलतभावाने एसटीत बसल्या बसल्या ‘होय’ दाबलं, दोन्ही सखाराम एक झाले. पुन्हा वेगळे करायची सोय नाही. चौथ्या मेलला उत्तर आलं, की नाव, गाव, वडील सारखे असल्याने व्यक्ती एकच असावी. धन्य.

आमचा सखाराम, म्हणजे माझे पणजोबा, यांतला कोणता, हे त्याच्या स्वतःच्या नोंदीवरून ठरतच नव्हतं. कोतवाल बुकात (गाव नमुना 14, गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, फक्त बापाचं. मोडी वाचून देणाऱ्याने पानाचे दोनशे घेतले आणि वाचलं काय, तर “धोंडी यास मुलगा”. कोणता धोंडी?

सुटलं ते पणजोबांच्या धाकट्या भावामुळे. हा 1962 साली अविवाहित वारला. त्याचा वारसाचा फेरफार (जमिनीला वारसांची नावं लावल्याची नोंद) सापडला: वारस भाऊ सखाराम आणि एक बहीण, सासरच्या आडनावाने, रा. निमगाव. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचा मृत्यू, म्हणून बहिणीचं नाव भावाच्या बरोबरीने लागलं. आधी वारला असता तर ती कागदावर आलीच नसती. आजोबा कायम म्हणायचे, “आमची आत्या निमगावला दिलेली.” सोबतच्या जबाबावर तिचा अंगठा आहे, शाई फुटून पार रुपयाएवढा झालेला. दुसरा सखाराम तेव्हा जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.

आणि याच धाकट्याचा शाळेच्या जनरल रजिस्टरचा 1924 चा उतारा मिळाला, त्यात जात लिहिलेली. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा बघतात, तो हा. ज्याला मूलबाळ नाही, त्याच्यामुळे पुतणीचं काम होणार.

इथवर एक स्टार द्यायचा ठरवून लिहीत होतो. पण खरं सांगायचं तर या ॲपमध्ये कागद माणसालाच नाही, दोन माणसांमधल्या नात्याच्या रेषेलाही जोडता येतो. भाऊ-भाऊ रेषेला फेरफार, भाऊ-बहीण रेषेलाही तोच, असं बाईंच्या प्रश्नानंतर लावत गेलो तेव्हा कळलं की ‘आमच्या’ सखारामाला लावलेला 1943 चा मृत्यू कुठल्याच रेषेत बसत नाही. म्हणजे घोळ ॲपनेच घातला आणि तो नेमका कुठे आहे ते दाखवलंही ॲपनेच. अडीच स्टार.

पैसे मात्र पुन्हा भरणार नाही. साठ रुपयांचं लांब रजिस्टर आणलंय, पानभर एक पिढी. ॲपची मुदत संपायला अजून वेळ आहे, तोवर चुलतभावाचा एडिटचा अधिकार काढून घेतलाय.