तिकीटबारीचा अंदाज: पूर्वपाहणी की शुक्रवारचा गल्ला?

नव्या चित्रपटाचा पहिल्या शुक्रवार ते रविवारचा गल्ला आधीच सांगायचा तर दोन वाटा आहेत: प्रदर्शनापूर्वी प्रेक्षकांची पाहणी करून काढलेला अंदाज, किंवा शुक्रवारची प्रत्यक्ष कमाई हाती घेऊन तिला ठरावीक पटीने गुणणे.

पाहणीत मुख्यतः चित्रपट माहीत आहे का आणि तो पाहायची इच्छा आहे का, हे विचारले जाते. तो आकडा काही आठवडे आधी मिळतो, म्हणून जाहिरातीचा उरलेला खर्च ठरवताना तोच उपयोगी पडतो. मात्र एरवी चित्रपटगृहाकडे न फिरकणारा प्रेक्षक घराबाहेर पडला की पाहणी तोकडी पडते. जुलै २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेत ‘बार्बी’ने पहिल्या तीन दिवसांत सुमारे १६ कोटी २० लाख डॉलर मिळवले; पाहणीवर आधारलेले सुरुवातीचे अंदाज त्याच्या बरेच खाली होते.

शुक्रवारच्या आकड्यावर माझा भरवसा अधिक आहे, पण तो जसाच्या तसा घेणे ही घोडचूक ठरते. समजा, शुक्रवारचे म्हणून १० कोटी जाहीर झाले आणि त्यात गुरुवार रात्रीच्या खेळांचे ३ कोटी मिसळलेले असतील, तर खरा शुक्रवार ७ कोटींचाच असतो. गाजलेल्या मालिकेतल्या चित्रपटाचे चाहते पहिल्याच दिवशी गर्दी करतात, त्यामुळे त्याची पट बहुधा लहान राहते. लहान मुलांच्या चित्रपटाला मात्र शनिवार-रविवारच्या दुपारचे खेळ हात देतात. शिवाय शनिवारी सकाळपर्यंत पाहून आलेल्यांचे मत पसरू लागलेले असते, आणि ते कोणत्याही पूर्वपाहणीच्या हाती लागत नाही.