खेळासाठी सीएसआर: टूर्नामेंट, मैदान, अकादमी की गावातला कोच?

गोव्यातली कंपनी वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतली असो वा कुंडईच्या, वर्षाचा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त झाला की मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे असतात; हाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी. ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी समितीही लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळाचा. पैसा मुलांच्या खेळाला द्यायचा ठरला की चार वाटा समोर येतात.

टूर्नामेंटची मागणी सगळ्यात आधी येते. क्लबचे सेक्रेटरी पत्र घेऊन येतात, जर्सीवर कंपनीचं नाव टाकायचं कबूल करतात. पण जाहिरातीच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. द्यायचं तर खुशाल द्या, जाहिरातीच्या खात्यातून. शिवाय तिथे उतरणारी मुलं आधीपासूनच खेळत असतात.

मैदानाचा फोटो छान येतो. गोव्यात मात्र पहिला प्रश्न जमिनीचा: कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेची), देवस्थानची की पंचायतीची? २०२१च्या नियमांनुसार सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही; ती पंचायतीसारख्या सार्वजनिक संस्थेकडे किंवा नोंदणीकृत न्यासाकडे जाते. मग पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत कोण कापणार, लाइटचं बिल कोण भरणार? भात कापल्यावर इथली शेतं आपोआप मैदानं होतात, त्यामुळे टर्फचा, म्हणजे कृत्रिम गवताचा, हट्ट मला पटत नाही. असलेल्या मैदानाला मुलींसाठी शौचालय आणि कपडे बदलायची खोली बांधून द्या, त्याने जास्त फरक पडेल.

खरी तुलना अकादमी आणि गावातला कोच यांच्यात आहे.

सांखळीची सेझा फुटबॉल अकादमी १९९९ची. निवडक मुलं, राहणं-जेवण, रोजचा शिस्तीचा सराव. मोठ्या संघांत जाणारे खेळाडू घडवायचे असतील तर हा रस्ता चांगलाच. पण खर्च मूठभर मुलांवर होतो आणि तो वर्षानुवर्षं चालवावा लागतो. उद्योगांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या गोव्याच्या फुटबॉलने त्याची दुसरी बाजूही पाहिली आहे: २०१२मध्ये आणि पुन्हा २०१८मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे इथले क्लब २०१६मध्ये आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून बाहेर पडले. कारणं वेगवेगळी, पण कंपनीचा निर्णय फिरला की खेळाडू अधांतरी राहतो. सीएसआरही नफ्याशीच बांधलेला. त्यामुळे मध्यम कंपनीने स्वतःची अकादमी काढू नये; जमलंच तर चालू अकादमीत दोन-चार मुलांची फी भरावी.

गावातल्या कोचचं गणित वेगळं. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरची आठवीतली मुलगी घ्या. सराव सहाला सुटतो आणि वाडीवर जाणारी शेवटची कदंबा बस त्याआधीच गेलेली असते. घरी प्रश्न एकच: ‘परत येतलें कशें?’ बूट, बॉल, जर्सी सगळं फुकट मिळालं तरी ती येणार नाही. म्हणून कोचच्या पगारासोबत गाडीचं भाडं धरा, आणि पगार बारा महिन्यांचा. मैदानाबाहेर उभं राहून ओरडणाऱ्या हौशी काकांपेक्षा परवानाधारक कोच बरा. हा पगार प्रकल्पाचाच खर्च. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या प्रशासकीय खर्चाला.

या वाटेतही उणिवा आहेतच. नावाची पाटी लागत नाही, पगार लांबला की कोच दुसरीकडे जातो. गावच्या क्लबकडे सीएसआर-१ ही सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेला लागणारी नोंदणी बहुधा नसते, मग पैसा नोंदणीकृत संस्थेमार्फत द्यावा लागतो. करार एका वर्षाचा करू नका; चालू प्रकल्प म्हणून सुरुवातीचं वर्ष सोडून पुढली तीन वर्षं धरता येतात.

रक्कम थोडी असेल तर माझं मत कोच आणि गाडी. शिल्लक राहिली तर शौचालय. पहिल्याच बैठकीत क्लबकडून हजेरीचं रजिस्टर मागवा, मुलींची नावं वेगळी मोजा आणि जुलैचं पान उघडा. ते कोरं असेल तर पावसात सराव का थांबतो, ते विचारूनच रकमेचं बोला.